एक्क्याण्णवची चढाई

२ जानेवारी, शुक्रवार

नव्या वर्षात रोज लिहायचं असं ठरवलं आणि पहिलाच दिवस हुकला. पण काल लिहिण्यासारखं काही घडलंच नव्हतं, आणि ‘सकाळी चहा घेतला’ असं लिहून पान भरणाऱ्यांपैकी मी नाही. आज मात्र घडलं.

आमच्या आझाद क्रीडा मंडळाचा अध्यक्ष अमर सकाळीच आला. वय तीस, मोबाइल दोन. येत्या सव्वीस जानेवारीला आझाद आणि नदीपारचं जयभवानी यांच्यातला पन्नासावा कबड्डी सामना आहे. त्यानिमित्त आदल्या दिवशी संध्याकाळी दोन्ही मंडळांच्या पोरांची प्रश्नमंजुषा ठेवायची, विषय या सामन्याचाच इतिहास. प्रश्न दोघांनी मिळून काढायचे. आमच्याकडून मी, त्यांच्याकडून पुंडलिकराव.

मी लगेच होकार दिला नाही. ‘विचार करतो’ म्हटलं. अमर फाटकापर्यंत पोचला तेव्हा मागून हाक मारून ‘करतो’ म्हटलं.

कारण एकच, एक्क्याण्णव. आजवर चोवीस सामने आम्ही जिंकले, चोवीस त्यांनी, आणि एक्क्याण्णवचा लोंबकळत राहिला. शेवटची चढाई पुंडलिकरावांची होती. आम्ही एका गुणाने पुढे. त्यांनी आमचे दोन गडी टिपले, तिघांनी त्यांना पाडलं, आणि तशात सरपटत जाऊन त्यांनी मध्यरेषेला बोट लावलं. बोट लागलं हे सगळ्यांनी पाहिलं. प्रश्न असा की तोवर तोंडातलं ‘कबड्डी’ चालू होतं की दम आधीच तुटला होता. पंचांनी शिट्टी मारली, पण ती कशाची, हे विचारायच्या आत लोक मैदानात घुसले. पंच जे पुसदच्या बसमध्ये चढले ते पुन्हा दिग्रसला फिरकले नाहीत.

मी गुणलेखक म्हणून टेबलावर होतो. दम तुटलेला मी माझ्या कानांनी ऐकला. चौतीस वर्षं मी हे सांगतोय आणि नदीपारचे हसतात. आता महिनाभर पुंडलिकराव माझ्यासमोर बसणार आहेत. त्यांच्याच तोंडून ‘दम तुटला होता’ हे वदवून घ्यायचं आणि पंचवीस तारखेला माईकवर म्हणायला लावायचं. मला दुसरं काही नको.

रत्नप्रभेला सांगितलं तर ती म्हणाली, “प्रश्न काढायला बोलावलंय, कोर्टात नाही.” चाळीस वर्षं तहसील कचेरीच्या माणसाशी संसार करूनही हिला नोंदीचं महत्त्व कळलेलं नाही.

४ जानेवारी, रविवार

पहिली बैठक बाजाराच्या पटांगणावर, कडुनिंबाखाली. पुंडलिकरावांबरोबर विमलताईही आल्या होत्या. “देवळात जायचं होतं,” म्हणाल्या. मग देवळात न जाता तिथेच पाराच्या पायरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत राहिल्या. नवऱ्यावर पाळत ठेवायची तर उघड तरी ठेवावी.

पण काय माणूस आहे. एकोणऐंशीच्या सामन्यात गोऱ्हा मैदानात घुसला होता. त्याला कोणी कुठून धरलं, हे त्यांनी गड्यांच्या नावांसकट सांगितलं. दोन्ही मंडळांनी मिळून केलेली ती एकमेव पकड. हा प्रश्न पक्का झाला. आमच्या पहिल्या बनियनींवर आकडे रत्नप्रभेने शिवले होते आणि सहाचा नऊ झाला होता, तेही त्यांना आठवत होतं. यावर मी वाद घातला, कारण चूक होती पण त्यांनी दाखवायचं कारण नव्हतं.

शेवटी मी हळूच एक्क्याण्णव काढलं. ते ताठ बसले.

“दम? माहा? नंदूभाऊ, तुमी टेबलावर बसून पेनाचं टोपन चावून राह्यले होते. तुमाले काय ऐकू येते?”

अर्धा तास भांडलो. येताना बरं वाटत होतं, हे लिहायला हरकत नाही.

७ जानेवारी, बुधवार

माणूस लबाड आहे. रविवारी ठरवलेले प्रश्न मी वाचून दाखवले तर म्हणे, “हे कोनं ठरवलं?” मी म्हटलं, तुम्ही आणि मी. तर म्हणाले, “मी तं आजच आलो.” नदीपारच्यांची ही जुनीच खोड आहे. काल कबूल केलेलं आज कानावर हात ठेवून नाकारायचं, म्हणजे समोरचा थकून चार पावलं मागे सरतो. ब्याण्णवला हेच झालं होतं.

ते इथे लिहूनच ठेवतो. आमच्याकडे रीत अशी की हरलेल्या मंडळाने पुढच्या वर्षीचं मैदान करायचं. आपली काळी माती उन्हात भेगाळते, म्हणून वरचा थर काढून मुरूम टाकायचा, त्यावर चाळलेली माती, पाणी, रोलर आणि शेवटी फक्कीच्या रेषा. जिंकलेल्यांनी त्यांना रोडगे आणि वांग्याची भाजी जेवू घालायची. एक्क्याण्णवला हरलं कोण तेच ठरलं नाही. मग मैदान कोण करणार? नदीपारचे आज ‘आम्ही करतो’ म्हणत आणि उद्या नाकारत. दोन वर्षं सामनाच झाला नाही. चौऱ्याण्णवला तोड निघाली की प्रत्येकाने आपापला अर्धा भाग करायचा. दोघांनी मोजमाप न जुळवता केला. आमचा भाग बोटभर उंच झाला, आणि चढाईला येणारा त्यांचा प्रत्येक गडी मध्यरेषेवर ठेचकाळायचा. हाही प्रश्न मंजूर झाला.

आज त्यांच्या एका पायात चप्पल होती आणि दुसऱ्यात सॅन्डल. मी म्हटलं, नदीपारची नवी फॅशन का? ते हसले. विमलताई हसल्या नाहीत. ह्या बाईंना पहिल्यापासूनच विनोद कळत नाही.

११ जानेवारी, रविवार

आज मोठाच डाव उघडकीला आला.

पुंडलिकराव बैठकीला आलेच नाहीत. वाट पाहून मी भाजी घ्यायला निघालो, तर एसटी स्टँडवर पुसदच्या गाडीत खिडकीशी हे महाशय. धुतलेलं धोतर, टोपी, मांडीवर पिशवी. मी खिडकीखालून विचारलं, कुठे निघालात? म्हणाले, “पंचाले भेटून येतो. त्याह्यनं शिट्टी कायची मारली, ते इचारतो.”

पंच तर केव्हाच वारले, त्यांच्या तेराव्याला मी स्वतः गेलो होतो. म्हणजे यांना पंचांच्या मुलाकडून काहीतरी वदवून आणायचं असणार, ‘बाबा नेहमी म्हणत की गुण दिला होता’ वगैरे. मी म्हटलं, “पुंडलिकराव, खाली उतरा.” ते उतरायला तयार होईनात. तेवढ्यात विमलताई धापा टाकत आल्या. पायात चपलाही नव्हत्या. त्यांनी कंडक्टरला हात जोडले आणि नवऱ्याला दंडाला धरून उतरवलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डाव फसल्याची लाज वाटली असेल.

घरी येऊन रत्नप्रभेला हे सांगितलं. ती पोळ्या लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, “तुम्ही त्यांना घरापर्यंत का नाही सोडलंत?”

मी म्हटलं, मी त्यांचा कोण लागतो?

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. विमलताई तिळगूळ घेऊन आल्या. दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ होत्या. मी पाणी प्यायला गेलो तर दोघींचे डोळे लाल. विचारलं तर रत्नप्रभा म्हणाली, “कांदा चिरत होतो.” संक्रांतीला आमच्याकडे कांदा नसतो. बायकांचं काहीतरी असेल, त्यांच्या नातीच्या, खुशीच्या स्थळाचं वगैरे. नातीचं लग्न जमवायचं म्हणजे सोपं नाही.

१७ जानेवारी, शनिवार

जमलं!

तारीख आणि जागा मुद्दाम लिहितो. आज सकाळी, कडुनिंबाखाली. आज ते शांत होते. कशालाच ‘नाही’ म्हणत नव्हते. मी वाचत गेलो, ते मान हलवत गेले. मी विषयाला हात घातला. म्हटलं, पुंडलिकराव, आता आपण दोघंही सत्तरीला टेकलो, खरं सांगून टाका. एक्क्याण्णवला तुमचा दम तुटला होता ना?

ते मातीकडे बघत म्हणाले, “हो, तुटला होता.”

मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. “तुटला होता. तू तं होता ना तथी, सुदाम. तुले तं माहीत हाय.”

सुदाम म्हणजे त्यांचा कोपऱ्यातला गडी. दोन हजार आठ साली गेला. बोलण्याच्या ओघात नाव चुकतं माणसाचं, मीसुद्धा आमच्या जावयाला मुलाच्या नावाने हाक मारतो. महत्त्वाचं ते त्यांनी बोलून टाकलं. चौतीस वर्षांनी. मी मिठाईच्या दुकानातून पाव किलो पेढे घेतले. अमरला फोन लावला, पण काय झालं ते सांगितलं नाही. पंचवीसला सगळ्यांनाच कळू दे.

पेढे रत्नप्रभेने घेतले नाहीत. “आज उपास आहे,” म्हणाली. शनिवारचा उपास ती केव्हापासून करायला लागली?

१८ जानेवारी, रविवार

सकाळपासून कशात लक्ष नाही. हवं ते मिळालं तर माणसाने मजेत असावं. मला सारखा तो ‘हो’ आठवतोय. पुंडलिकराव असा ‘हो’ म्हणणारा माणूसच नाही. वांग्याला वांगं म्हटलं तरी ते आधी ‘नाही’ म्हणतील. काल मी ‘तुमचा दम तुटला नव्हता ना’ असं विचारलं असतं, तरीही त्यांनी ‘हो’च म्हटलं असतं का?

दुपारी मी रत्नप्रभेला हे बोलून दाखवलं. तिने निवडायचं ताट बाजूला सारलं.

“अहो, तुम्हाला खरंच कळलं नाही?”

“काय?”

“त्यांना आठवत नाही काही. वर्ष झालं. नागपूरला दाखवून आणलं. घरच्यांनी झाकून ठेवलंय, खुशीचं जमतंय म्हणून. विमलताईंनी मला शपथ घातली होती. मला वाटलं, रोज समोर बसता, तुम्हाला दिसत असेल.”

मला दिसत होतं. चप्पल आणि सॅन्डल दिसलं, पुसदची गाडी दिसली, ‘मी तं आजच आलो’ हे माझ्या कानांनी ऐकलं. सगळं दिसून मी त्याचा एकच अर्थ लावला, की नदीपारचा माणूस आहे म्हणजे डाव टाकतोय. मला माझी भयंकर लाज वाटते आहे. आणि नुसती लाज नाही. एक्क्याण्णवचं वाकडं माझ्याइतकं कुणी जपलं असेल तर ते पुंडलिकरावांनी. आता भांडायला मी एकटाच उरणार, आणि एकट्याने भांडता येत नाही.

पेढे गाईला घातले.

२० जानेवारी, मंगळवार

नदीपार गेलो. त्यांच्या अंगणात पन्नास वर्षांत आज पहिल्यांदा पाय ठेवला. कापसाची गाठोडी ओट्यावर होती. पुंडलिकराव आत झोपले होते. मी विमलताईंना म्हटलं, कार्यक्रम नको. मी अमरला काहीतरी कारण सांगतो, सगळा दोष माझ्या अंगावर घेतो.

त्या म्हणाल्या, “नोका करू, भाऊजी. त्याह्यनं बनियन काढून ठेवली हाय, आकडेवाली. रोज इचारते, पंचवीस तारीख कधी हाय मनून.”

मी म्हटलं, आणि सगळ्यांसमोर काही बोलून गेले तर?

“मले बी तेच भेव हाय. पोरं मन्ते, जाऊ देऊ नोको बाबाले, लोकं हासतीन.” मग म्हणाल्या, “एक सांगू काय? तुमच्यासंगं भांडून आले का दोन रोज चांगले राह्यते. वावरातलं बोलते, माह्यं नाव घेते. घरी आमी सारे त्याह्यले हो-हो करतो. डॉक्टरनंच सांगतलं, उलटं बोलू नोका मनून. त्याह्यले ते पटत नाही, अन् मंग गप होऊन जाते. तुमी एकटेच ‘नाही’ मन्ता.”

शनिवारी ते गप्प का होते, हे मला आत्ता कळलं. मी त्यांना गोडीगुलाबीने विचारलं होतं.

विमलताईंनी एकच मागितलं. स्टेजवर त्यांच्या शेजारची खुर्ची सोडायची नाही. मी कबूल केलं. पण नुसत्या शेजारी बसण्याने काय होणार, ते मला माहीत नाही. एका माणसाने अख्खं आयुष्य ज्या गावात मान ताठ ठेवून काढलं, तिथे त्याच्यावर कोणी हसू नये, एवढंच आता हवं आहे. एक्क्याण्णवचा प्रश्न मी यादीतून काढून टाकला.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनाला अजून वेळ आहे. आज पन्नासावा सामना, पण लिहायचं आहे ते कालचं.

पटांगण भरलं होतं. डाव्या हाताला आपली माणसं, उजवीकडे नदीपारची, मधे जायला वाट. पुंडलिकराव सदऱ्यावर जुनी बनियन घालून आले. पाठीवर सात नंबर. पहिल्या रांगेत विमलताई, शेजारी रत्नप्रभा. मी प्रश्न वाचत होतो, पोरं उत्तरं देत होती, पुंडलिकराव मान हलवत होते. गोऱ्ह्याच्या प्रश्नाला तर टाळ्या झाल्या. मला वाटलं, पार पडलं.

मग अमरला काय सुचलं कोण जाणे. यादीत नसताना त्याने पुंडलिकरावांच्या हातात माईक दिला. “आबा, पन्नास सामन्यांबद्दल दोन शब्द.”

ते उठले. समोर बघितलं. माईककडे बघितलं. लोक थांबले, मग कुजबुजले. त्यांची नजर माणसांवरून अशी फिरत होती, की कुणीतरी ओळखीचं सापडेल. मग माईकमध्ये म्हणाले, “आपुन सारे कायले जमलो, बापा?”

लोकांना वाटलं गंमत आहे. थोडे हसले. पण ते पुढे काही बोलेनात, आणि मागून एक जण वेगळं हसला. विमलताई अर्ध्या उठल्या होत्या. त्यांचा मुलगा स्टेजच्या पायऱ्यांकडे निघाला होता.

मी माझा माईक उचलला. म्हटलं, “पुंडलिकराव, ते सगळं राहू द्या. एक्क्याण्णवला तुमचा दम तुटला होता.”

ते वळले.

“कोन मन्ते?”

“मी म्हणतो. टेबलावर मी होतो.”

“टेबलावर तुमी होते. मातीत मी होतो.” आवाज तोच, पहिल्या दिवशीचा. “तिघं होते माह्या अंगावर. एकानं पाय धरला, एक कमरेले, एक पाठीवर बसला. एका दमात गेलतो अन् एका दमात आलतो. बोट लागलं तवाई तोंडात कबड्डी होती.”

“नव्हती,” मी म्हटलं.

“नव्हती? आयका मंग.”

आणि त्यांनी दम घेतला. एकोणसत्तराव्या वर्षी, माईक तोंडाशी धरून, कबड्डी-कबड्डी-कबड्डी. नदीपारचे उठून उभे राहिले, टाळ्यांचा ठेका धरला. मग आमच्याकडच्यांनीही धरला, दोनचार म्हाताऱ्यांनी आधी. मी शेजारी उभा राहून ऐकत होतो, जसं त्या दिवशी टेबलावरून ऐकलं होतं. मधे एकदा ते अडखळले असं वाटलं. दम तुटला की नुसता शब्द गिळला, मला कळलं नाही. हातभर अंतरावरून कळलं नाही. तेव्हा तर मी मैदानाच्या बाहेर होतो, आणि लोक ओरडत होते. सतरा तारखेचा त्यांचा ‘हो’ माझ्याकडे आहे. तो मी आता कुणाला सांगणार नाही.

ते थांबले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि ते माझ्याकडे असे बघत होते, की बोला आता.

मी माईकवर म्हटलं, “मान्य. एक्क्याण्णव नदीपारचं.”

त्यानंतर कुणाचं काहीच ऐकू येईना. नदीपारच्या एकाने ओरडून आठवण करून दिली, की मग ब्याण्णवचं मैदान आझादकडे बाकी आहे, रोडगे आम्ही घालू. अमरचा चेहरा उतरला होता. “काका, प्रश्न तुम्हीच यादीतून काढला, तुम्हीच उकरला आणि तुम्हीच देऊन टाकला. आता आपल्या माणसांना मी काय सांगू?” मी म्हटलं, सांग की काकाचे कान गेले. तो पाठ फिरवून गेला. आमच्यापैकी बरेच जण तसेच निघून गेले. त्यांना राग आला आहे आणि तो बरोबर आहे. मलाही आत कुठेतरी दुखतंय, नाही असं नाही.

स्टेज रिकामं झालं. खाली विमलताई पदराने डोळे पुसत वाट बघत होत्या. पायऱ्या उंच होत्या, फळ्यांच्या. पुंडलिकराव वरच्या पायरीवर थांबले आणि माझ्याकडे वळले. मघाचं सगळं चेहऱ्यावरून निघून गेलं होतं. अगदी परक्या माणसाला विचारावं तसं, अदबीने विचारलं,

“भाऊ, तुमी कोनत्या मंडळाचे?”

मी म्हटलं, “आझादचा.”

“मंग आपलं काई जमाचं नाही,” ते म्हणाले, आणि उतरण्यासाठी त्यांनी माझा हात घट्ट धरला.